म्होजाच्या खड्ड्याचा मान

म्होजा न्यामवेझी, मी झारामो. आमच्या जमातींत बापजाद्यांपासून थट्टेचं नातं. एकमेकांना शिव्या घालायच्या, रागवायचं नाही. एक मेला की दुसऱ्याने त्याच्या खड्ड्यात आडवं पडायचं आणि नातेवाइकांनी मान म्हणून काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय उठायचं नाही. एवढं झालं नाही तर मेलेला वाटेतच ताटकळतो.

लढाई जर्मनांची आणि इंग्रजांची, तीही आमच्या आफ्रिकेत. ओझी आम्हा हमालांच्या डोक्यावर.

"ए नारळखाऊ, तुझी पेटीपण मीच उचलू काय?" म्होजा ओरडायचा.

"उचल की गाढवा! आईच्या पोटातून गाठोडं घेऊनच आलास ना!"

माझ्या पायांना फोड आले, तेव्हा त्याने खरंच उचलली.

गोऱ्या लेफ्टनंटाला आमची भाषा थोडी यायची. थोडी म्हणजे शिव्यांपुरती. त्याने ठरवलं, हे दोघे हाडवैरी. मला रांगेत पुढे टाकलं, म्होजाला शेवटी. मेला शहाणा!

रुफिजी नदीच्या चिखलात म्होजाला हगवण लागली. आजारी हमालाला वाटेवर टाकून रांग पुढे जायची, बाकीचं तरस बघायचे. दुपारच्या विसाव्याला मी मागे धावलो. रांगेच्या शेपटाशीच तो झाडाखाली पडला होता.

"आलास होय आळशा? माझ्या खड्ड्यात घोरू नकोस."

"तुझ्यासाठी खणतोय कोण?"

तो हसला आणि थोड्या वेळाने गेला.

"साहेब, याला मीच गाडणार," मी लेफ्टनंटाला म्हणालो. वैऱ्याची हौस समजून त्याने वर फावडंही दिलं.

मी खणलं, आत आडवा झालो आणि बोंबललो, "कुठे आहेत या गाढवाचे नातेवाईक? मान द्या, नाहीतर जागा माझी!"

रांगेत दुसरा न्यामवेझी उरला नव्हता. बाकीचे हमाल मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्याकडे द्यायला काही असतं तर त्यांनी ते आधीच खाल्लं असतं.

लेफ्टनंटाने घड्याळ पाहिलं, मग चाबूक दाखवला.

"मारा साहेब. पण मान द्या."

रांग खोळंबली होती. शेवटी वैतागून त्याने खिशातलं बिस्कीट खड्ड्यात फेकलं. मी उठलो. मान देईल तो नातेवाईक, आमच्यात असंच धरतात.

"भाऊ गेला तुमचा, साहेब. वाईट झालं," मी रीतीप्रमाणे म्हणालो. तो काहीच समजला नाही.

म्होजाला आत ठेवलं, माती लोटली. "बघ रे गाढवा, कसला भाऊ पदरात पडला तुझ्या!"

त्याने उलटून शिवी दिली नाही. इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. मग मात्र मला रडू आवरेना.