चौथ्या ओळीतला चष्मा

माझा काका घड्याळजी आहे. जन्मभर त्याने लोकांचे सेकंद जागेवर आणले, पण पावा वाजवताना चौथ्या ओळीत तो स्वतः एक मात्रा खातो. कारण साधं आहे. तिथला खालचा सूर काढायला तो मान खाली घालतो, चष्मा घसरतो, आणि तो वर ढकलायला एक हात लागतो. पावा एका हाताने वाजत नाही.

घरात हे सगळ्यांना माहीत. पण किल्ल्याच्या मैदानावर दरवर्षी जुना काळ उभा करणारी एक समिती आहे. तिच्या प्रमुख म्हणजे इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, पाठीमागे सगळे त्यांना सनावळीबाई म्हणतात. त्यांनी पुस्तिकेत छापून टाकलं, की ही रिकामी मात्रा धारातीर्थी पडलेल्यांच्या स्मरणार्थ सोडतात. तेव्हापासून नाचणारे त्या मात्रेला एक पाय उचलून स्तब्ध राहतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा काकाही गहिवरला होता.

यंदा काकू नाचाच्या पहिल्या रांगेत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने तिने जिन्याचा कठडा धरून पाय उचलायचा सराव केला होता. डॉक्टर म्हणाले होते, चाला. नाचाचं तिने विचारलंच नाही. "नाही म्हणाले असते तर?"

सकाळच्या तालमीला बाईंचं नवं फर्मान आलं: जुन्या काळात नसलेलं काही नको; घड्याळं, मोबाईल, चष्मे काढा. काकाचा चष्मा काकूच्या बटव्यात गेला. मी ढोलावर थाप दिली, काकाने सूर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा चौथी ओळ न थांबता पार केली. चाळीस पाय हवेत आणि गाणं पुढच्या ओळीत! मागची रांग पुढच्या रांगेवर कोसळली. काकू माझा ढोल धरून वाचली.

"काय हो, पूर्वजांना विसरलात?" बाई कडाडल्या.

"आज तर मी बरोबर वाजवलं," काका म्हणाला. ते खरं होतं, तीच पंचाईत होती.

"दुपारी असं झालं तर गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावीन."

काकूने त्याला तंबूमागे ओढलं. "अहो, तिथे थांबा ना जरा!"

"मोजून थांबता येत नाही गं. मोजायला लागलो की पावा टिकटिक करतो."

"म्हणजे माझा गुडघा तुमच्या नाकावर! छान." ती तडक बाईंकडे गेली. "बाई, त्या काळी चष्मे नव्हतेच का हो?"

प्रश्न विचारला की बाईंचा राग उतरतो. "होते की. तारेचे. पण त्यांना काच असायची. हे प्लास्टिक."

"मग नुसती तार चालेल?"

बाईंनी डोळे मिटून पुरावे चाळले. "चालेल."

काकाच्या कमरेला चिमटा असतोच. वीस मिनिटांत त्याने तांब्याच्या तारेची बिनकाचेची चौकट वळली.

"घट्ट बसतेय ना?" मी विचारलं.

"घट्ट बसली तर बघच," काकू म्हणाली. "ढिली करा."

दुपारी मैदान माणसांनी फुललं होतं. चौथी ओळ आली. काकाची मान खाली, तार घसरली, हात वर. शांतता. चाळीस पाय हवेत, आणि त्यांत सगळ्यात उंच काकूचा. गाणं पुढे गेलं तरी तिने तो खाली टेकवला नाही, आठ महिने कठड्याला दाखवलेला पाय आता ती जगाला दाखवत होती.

तिसऱ्या फेरीत चौकट मातीत पडली. काकाने मान खाली घातली, वर केली, आणि नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर ढकलला. मात्रा जागच्या जागी. लोकांनी नाच आणखी पाच वेळा करायला लावला. सहाव्यांदा काकूच ओरडली, "पुन्हा!"

शेवटी बाई डोळे पुसत, वही घेऊन आल्या. "नाकाशी बोट नेता, ते वंदन का?"

काकाने काकूकडे पाहिलं.

"घराण्याचं आहे," काकू म्हणाली.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली आहे. आता चौथ्या ओळीत सगळ्याच वादकांनी नाकाला बोट लावायचं असतं. मला अजून चष्मा लागलेला नाही, तरी मी मनोभावे बोट लावतो.