दोघांची एक नोंद

ऑफिसात तिला सगळे वहीवाली म्हणत. वही म्हणजे कागदाची नव्हे, कॉम्प्युटरवरची एक लांबलचक फाइल. बारा वर्षांच्या नोकरीत जे जे अडलं आणि मग सुटलं, ते तिने तिथे उतरवून ठेवलं होतं. तारीख उलटी वाचली जाऊ नये म्हणून काय करावं, नावामागे चिकटलेल्या रिकाम्या जागा कशा झाडाव्यात, सर्व्हरने दाद दिली नाही तर किती थांबून पुन्हा विचारावं. कुणाचं घोडं अडलं की तो तिच्या टेबलापाशी येई, कोडचा हवा तो तुकडा उचलून नेई आणि चिकटवून मोकळा होई.

सगळ्यांत जास्त मागणी होती सात ओळींच्या एका तुकड्याला. एकाच माणसाची दोनदा नोंद झाली असेल, तर तो दुसरी पुसून टाकी. आडनाव, जन्मतारीख आणि फोन नंबर जुळला, की माणूस एकच, असा त्याचा साधा हिशेब.

एका मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. तिथलं सॉफ्टवेअर याच ऑफिसने बनवलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एका आजोबांना टेबलावर घेतलं होतं. फाइलीत उजवा डोळा लिहिलेला. नर्सने सवयीने विचारलं, "आजोबा, कुठला डोळा?"

"डावा. उजव्याला काय धाड भरलीय?"

फाइल त्यांच्या जुळ्या भावाची निघाली. दोघे एकाच घरात राहत, फोनही एकच. काउंटरवर नंबर टाकला की एकच नोंद उघडे. दुसरी कधीच पुसली गेली होती.

"काउंटरवरच्या माणसाची चूक म्हणून कळवून टाकू," साहेब म्हणाले. "नाव वाचायला काय झालं होतं त्याला?"

"बरोबर नाव तिथे असतं तर वाचलं असतं ना, सर. मी पुसलंय ते."

"तुमचं नाव कुणी घेतलंय का? उगाच कशाला ओढवून घेता?"

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून तिने बहिणीला फोन लावला. बहीण तिच्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. सगळं ऐकून बहीण म्हणाली, "अगं, आपल्याला ताप आला होता तेव्हा आईने औषधाचे दोन्ही चमचे तुलाच पाजले होते. मी आपली तशीच तापाने फणफणत. आणि तुला हे सुचू नये?"

"नाही सुचलं."

"मग आता काय करणार?"

"शोधते कुठे कुठे गेलंय ते."

तुकडा एकोणीस ठिकाणी गेला होता. दोन शाळा, एक वाचनालय, बाकी दवाखाने आणि दुकानं. तिने प्रत्येकाला स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं: चूक माझी आहे, जुना बॅकअप कृपया फेकू नका. साहेबांनी तीन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. एका दुकानदाराने तर काम काढून घेतलं. बॅकअप आणि चालू यादी समोरासमोर लावून ती तीन आठवडे बसली, आणि हरवलेली सहा माणसं सापडली. त्यांतली एक शाळकरी मुलगी होती. तिचे गुण वर्षभर जुळ्या भावाच्या खात्यात जात होते आणि घरचे तिलाच बोल लावत होते. नव्या कोडने पुसणं बंद केलं. शंका आली की दोन्ही नोंदी शेजारीशेजारी दाखवून तो समोरच्या माणसाला विचारी.

ऑपरेशन नीट पार पडल्यावर ती त्या भावांच्या घरी गेली. दोघे गॅलरीत खुर्च्या टाकून बसले होते, एकाच्या डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. तिने सरळ सांगितलं, की नोंद तिच्यामुळे पुसली गेली होती.

"म्हणजे तुमच्या लेखी मी नव्हतोच," पट्टीवाले म्हणाले.

"चार महिने नव्हतात."

"चार महिने!" त्यांनी भावाकडे मान वळवली. "ऐकलंस? आणि घरातली सगळी कामं मात्र मीच करत होतो."

भावाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिच्यासाठी आतून खुर्ची आणायला उठला.