अप्पांच्या मिशा येईपर्यंत

सोमवार, आठ मार्च एकोणीसशे नव्व्याण्णव. सकाळी साडेदहा वाजता विठोजी सायंटिफिक वर्क्सच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर हे होतं: संस्थापक विठोजीअप्पांचा हार घातलेला फोटो एक, फोटोच्या दोन बाजूंना जळत्या समया दोन, गरगर फिरणारं बोधचिन्ह एक, उजवीकडून डावीकडे सरकणारी 'सुस्वागतम्'ची पट्टी एक, आपोआप वाजणारी सनई एक आणि आत जायची बटणं नऊ. सगळ्यांत खाली, काळ्या चौकटीत, पाहुणे मोजणारा काउंटर. काउंटरवर आकडा होता एक हजार एक.

"महिन्यात हजार म्हणालो होतो, एक जास्तच दिला!" प्रणीतने खुर्ची गर्रकन फिरवली. इंदिरानगरातल्या एका गॅरेजच्या वरच्या खोलीत त्याची कंपनी होती. कंपनी म्हणजे तो, भार्गवी आणि दोन संगणक. तो पुण्याहून आलेला. ती इथलीच, बसवनगुडीची, तिचं घराणं किती पिढ्या इथं आहे ते घरातही कुणाला नक्की सांगता येत नसे. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाल्यावर तिनं ही नोकरी धरली होती. "बुधवारी बोम्मसंद्र्याला त्यांच्या कारखान्यात जायचं. मालक जयसिंगराव वर्षभराचं काम देतात बघ. नाही दिलं, तर मात्र ही खोली बंद, आणि मी पुण्याला."

भार्गवीनं मान हलवली. घरी टेबलावर बी.एड.चा फॉर्म पडला होता. "ती कंपनी चालली नाही तर असू दे," म्हणून वडिलांनी आणून ठेवलेला. रोज जेवताना तो फॉर्म तिच्या ताटाकडे बघत असे.

आकडा बघून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हजार माणसं आली, तर त्यांतल्या एकानंही पत्र कसं पाठवलं नाही? तिनं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कोण किती वाजता आलं, कुठलं पान मागितलं, किती मजकूर घेऊन गेलं, याची तिथं ओळीवर ओळ असते. दुपारी डबा न उघडता ती त्या ओळी मोजत बसली.

एक हजार एक भेटींपैकी सातशे त्रेचाळीस भेटी एकाच तऱ्हेच्या होत्या. एकच ब्राउझर, फक्त पहिलं पान, आणि फोटो नव्यानं मागितलेलाच नाही. म्हणजे ज्याच्या संगणकात फोटो आधीच साठलेला आहे असं कुणीतरी. रोजची पहिली भेट नऊ पाच ते नऊ बाराच्या दरम्यान. मंगळवारी मात्र एकही नाही. बोम्मसंद्र्यातल्या त्या कारखान्याला सुट्टी मंगळवारी असे.

"हे तर अण्णा आहेत," ती मोठ्यानं म्हणाली.

"कोण अण्णा?"

"जयसिंगअण्णा. सातशे त्रेचाळीस वेळा."

प्रणीत उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. "भार्गवी, क्लायंट खूश आहे. आपण कशाला डिग करायचं? हजार म्हणजे हजार. कोणी केले ते कोण विचारतंय?"

"उरलेले दोनशे अठ्ठावन्न बघ ना. दोनशे एकतीस जण फोटो पूर्ण यायच्या आधीच निघून गेले. आत गेले ते सत्तावीस."

"सत्तावीस हा आकडा तू विसर. प्लीज."

तिला विसरता येईना. त्या दोनशे एकतिसांत एक जण होता. त्याच्या पत्त्याच्या शेवटी नेपाळची खूण होती. सर्च इंजिनमध्ये 'सेंट्रिफ्यूज, ठिणग्या, जळका वास' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाइप करून तो आला होता. सेंट्रिफ्यूज म्हणजे रक्ताच्या नळ्या वेगानं फिरवून पेशी आणि द्रव वेगळं करणारं यंत्र. जयसिंगराव तेच बनवत. त्याच्या मोटारीतले कार्बनचे ब्रश झिजले की ठिणग्या उडतात. हा माणूस चार वेळा आला होता, चार वेगवेगळ्या दिवशी. चारही वेळा फोटोच्या अर्ध्यावरून परतला होता. कुठल्याशा गावातल्या लॅबमध्ये यंत्र बंद पडलंय, आणि तो पुनःपुन्हा आपलं दार ठोठावून जातोय. मंगळवारी दिवसभर तिचं कशात चित्त लागलं नाही. चहा दोनदा गार झाला.

बुधवारी ती प्रणीतच्या स्कूटरवर मागे बसून होसूर रोडनं बोम्मसंद्र्याला गेली. पर्समध्ये कॉलेजातलं स्टॉपवॉच होतं. प्रणीतला त्याचा पत्ता नव्हता.

जयसिंगरावांनी धारवाडी पेढ्यांचा पुडा उघडूनच ठेवला होता. अप्पांचा मुलगा, साठीचा माणूस, कपाळावर गंध, शर्टाच्या खिशात तीन पेनं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण भाग्यलक्ष्मीअक्का टेलिफोनपाशी बसलेली. बावीस वर्षं गिऱ्हाइकांचे फोन तीच घेत होती.

"ये अम्मा, बस. एक हजार एक! शकुनाचा आकडा," जयसिंगराव म्हणाले. "आता ऐका, मी काय ठरवलंय. उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, दुरुस्तीची छापील पुस्तिका बंद. हजार माणसं वेबसाइट बघतायत, तर टपालानं ती कशाला धाडायची?"

प्रणीत म्हणाला, "ग्रेट आयडिया, सर."

भार्गवीच्या हातातला पेढा हातातच राहिला. "अण्णा, मी स्वल्प एक प्रयोग करून बघू का?"

प्रणीतनं तिच्याकडे नुसतं बघितलं.

"कर की! काय करायचंय?"

"तुम्ही गिऱ्हाईक व्हायचं. हासनच्या लॅबमध्ये तुमचं मशीन ठिणग्या टाकतंय. बाहेर बाकावर माणसं बसलीत. कुठला ब्रश लागतो, ते तुमच्याच वेबसाइटवर शोधायचं." बोलता बोलता तिनं संगणकात साठलेली जुनी चित्रं पुसून टाकली. "तुमच्याकडे अप्पांचा फोटो साठलेला असतो, म्हणून तुम्हाला ते लगेच दिसतात. आता तुम्ही परके."

"माझ्याच कारखान्यात मी परका?" ते हसले. "सरी, चालेल. लाव तुझं घड्याळ."

मोडेमनं किंचाळून लाइन धरली. पान उघडायला लागलं. भार्गवीनं बटण दाबलं. वीस सेकंद पांढरा पडदा. मग सनई सुरू झाली. मग अप्पांचा फेटा दिसू लागला, एकेक बोट खाली सरकत. चाळीस सेकंदांना कपाळ आलं. जयसिंगराव खुर्चीत चुळबुळले, माऊस हलवू लागले.

"अडकलं काय?"

"नाही अण्णा. येतायत."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. अक्कानं उचलला. "हां, बोला... ठिणग्या? मशीनच्या पाठीमागं पट्टीवर नंबर असंल बघा, शेवटचे दोन आकडे सांगा... चोवीस. मग आठ नंबरचा ब्रश. दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एकच बदलू नका. आधी वायर काढा बरं का!" तिनं फोन ठेवला, चष्मा वर सारला आणि भावाच्या पडद्याकडे वळली. अप्पांचे डोळे नुकते आले होते.

"जयसिंगा, अप्पांच्या मिशा यायच्या आधी माझं गिऱ्हाईक काम घेऊन गेलं बघ."

प्रणीतला खोकला आला. जयसिंगराव हसले नाहीत. पान पूर्ण उघडलं तेव्हा घड्याळात दोन मिनिटं सतरा सेकंद झाले होते. त्यांनी नऊ बटणांकडे बघितलं. 'आमची परंपरा', 'आमचे पुरस्कार', 'अध्यक्षांचा संदेश', 'आमचं ध्येय'... ब्रश कुठंच नव्हता.

"तरी हजार माणसं आली ना?" ते हळू म्हणाले.

आता गप्प बसलं असतं तर चाललं असतं. भार्गवीला बी.एड.चा फॉर्म दिसला, आणि त्याच्यावर नेपाळची खूणही. "अण्णा, त्यांतल्या सातशे त्रेचाळीस वेळा तुम्हीच."

खोलीत फक्त सनई वाजत राहिली. ती थांबवायचं बटणही पानावर नव्हतं.

"सातशे?" त्यांचे कान लाल झाले. "सकाळी बोहनीला एकदा बघतो मी. दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक घरचंच असलं तर बरकत येते, अप्पा म्हणायचे. मग आकडा शून्यावर थांबलेला दिसला की पुढं एक करतो. पूर्ण आकडा बरा नव्हे. आल्यागेल्याला दाखवतो..." ते थांबले. पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच बंद केला. "मग माणसं आलीत किती?"

"दोनशे अठ्ठावन्न. आत गेली सत्तावीस."

"म्हणजे अप्पांनी घालवली म्हण की."

"अप्पांनी कशाला?" अक्का तिकडून म्हणाली. "अप्पा वर्कशॉपच्या दारात उभे राहायचे. माणूस पायरी चढायच्या आत विचारायचे, 'काय बिघडलंय?' बसा म्हणायचं ते नंतर. आणि तू त्यांना हार घालून वाटेत बसवलास."

जयसिंगराव उठून खिडकीशी गेले. बाहेर लेथ चालू होती. "उगादीपर्यंत बघतो," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर प्रणीतनं स्कूटर एका टपरीशी थांबवली. चहा घेतला, पण तो प्यायला नाही. "तू बरोबर होतीस, हे मला कळतं गं," तो म्हणाला. "फक्त त्या बरोबर असण्यातून माझ्या खोलीचं भाडं कसं भरू?"

"मला दोन दिवस अक्कांच्या शेजारी बसू दे."

"बस. इथंही बसून काय करणार आहोत?"

गुरुवारी आणि शुक्रवारी ती अक्काच्या टेबलाशी वही घेऊन बसली. फोन आला की एक रेघ, प्रश्न वेगळा असला की नवी ओळ. जयसिंगराव येता-जाता त्या वहीकडे बघत. दोन दिवसांत अठ्ठावन्न फोन आले. सदतीस ब्रशबद्दल, अकरा यंत्र थरथरतं म्हणून, सहा नळ्यांखालच्या रबरी बुडांच्या मापाबद्दल, तीन किमतीबद्दल. एकानं चुकून लग्नाच्या हॉलची चौकशी केली. त्यालाही अक्कानं पत्ता सांगितला. परंपरेबद्दल कुणीही विचारलं नाही.

शनिवार-रविवार ती इंदिरानगरात बसून पान लिहीत होती. वर एकच ओळ: 'काय बिघडलंय?' खाली चार उत्तरं: ठिणग्या दिसतात, थरथरतं, फिरत नाही, काच किंवा रबर फुटलं. इंग्रजीतही तेच, तितकंच. ब्रश बदलायच्या सात पायऱ्या होत्या. त्या तिनं सात छोट्या पानांवर ठेवल्या, म्हणजे माणसाला एक स्क्रू काढून पुढच्या पानावर जाता येईल. मजकूर अक्काचा, तिच्याच शब्दांत. 'आधी वायर काढा' हे तिनं प्रत्येक पानावर लिहिलं. सगळं पहिलं पान उघडायला सहा सेकंद लागले. प्रणीतनं बघितलं आणि म्हणाला, "एकदम फिकं दिसतंय." मग स्वतःच चार वेळा उघडून बघितलं.

सतरा तारखेला, उगादीच्या आदल्या दिवशी, जयसिंगरावांचा फोन आला. आवाज अजून रुसलेला होता.

"अम्मा, अप्पांना आत 'आमच्याबद्दल'मध्ये बसव. हार राहू दे. समया काढ, उगीच जळतात."

"सरी, अण्णा."

"काउंटर नव्यानं सुरू कर. आणि ऐक. महिन्यात सत्तावीस माणसं आत गेली म्हणालीस. उगादीपासून आठ दिवस देतो. तेवढ्यात तितकी आत गेली, तर वर्षभर चालू दे. नाही गेली तर बंद, आणि माझी पुस्तिका मला बरी."

"तुम्हाला आठ दिवस उघडता येणार नाही, अण्णा. मोजणी बिघडते."

"बोहनीला एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आणि तो शून्यावर थांबला तर?"

"तरी नाही."

त्यांनी फोन ठेवला.

ते आठ दिवस भार्गवीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. ती नोंदी तासातासाला बघे, पण साइट उघडत नसे. पहिल्या दिवशी दोन माणसं, दुसऱ्या दिवशी तीन. रविवारी एकच, आणि तोही परत गेलेला. प्रणीतनं पुण्याच्या तिकिटाची चौकशी केली, आणि केली हेही सांगितलं. घरी वडिलांनी फॉर्मवर पेन ठेवलं. सोमवारी आकडा एकदम नऊनं वाढला. अक्का आता फोनवर प्रत्येकाला पत्ता सांगत होती, हे तिला नंतर कळलं.

मंगळवारी दुपारी नेपाळची खूण पुन्हा दिसली. भार्गवी ओळींवर बोट ठेवून वाचत गेली. पहिलं पान. 'ठिणग्या दिसतात'. पायरी एक. पायरी दोन, एका मिनिटानं. पायरी तीन. मग काहीच नाही. पाच मिनिटं गेली, आठ गेली. ती उठून खिडकीपर्यंत जाऊन आली. लाइन तुटली असेल, किंवा माणूस कंटाळला असेल. अकराव्या मिनिटाला नवी ओळ उमटली: पायरी चार. मग पाच, सहा, सात.

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी चारला जयसिंगरावांनी फोन करून प्रणीतला आकडा विचारला. "चाळीस, सर," प्रणीत म्हणाला.

"चाळीस? पूर्ण चाळीस?"

"पूर्ण चाळीस."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "जयसिंगा, त्या संगणकापासून लांब हो!" अक्का ओरडल्याचं ऐकू आलं. मग फोन बंद.

सहा वाजता, कारखाना सुटायच्या वेळेला, मुदत संपली. भार्गवीनं नोंदी शेवटच्या उघडल्या, वहीत चार ओळी लिहिल्या आणि वही प्रणीतपुढं सरकवली.

भेटी: ४०. पहिल्याच पानावरून परतलेले: ९. आत गेलेले: ३१. कारखान्यातून: ०.