कुलूप जागच्या जागी

सोमवारी सकाळी दहा वाजता मंडल कार्यालयातून एक साहेब आले, कोंडवाड्याच्या फाटकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ताळम तीयंडी." म्हणजे तेलुगूत, कुलूप काढा. कोणी काढले नाही.

मित्रांनो, ते जुने कुलूप म्हणजे मी. १९८४ सालच्या जानेवारीपासून मी बंद आहे. ज्या कोंडवाड्याला मला लावले, त्याच्या भिंती एकेक करून पडल्या. आता दोन दगडी खांब, त्यांच्यामध्ये फाटक आणि फाटकावर मी, एवढेच उरले आहे. बाजूने सहज आत जाता येते. तरी साहेब समोरच थांबले.

माझा जन्म अलीगढचा. निजामाच्या अमलात मी मुधोळजवळच्या या गावात आलो. माझ्या पोटावर उर्दूत काही कोरलेले आहे. ते वाचणारे आता गावात नाहीत. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात आणायचे, मालकाने दंड भरून ते सोडवून न्यायचे, असे काम होते. जनावर कोणीही आणत असे. पण चावी फिरवायची ती पाटलानेच. ती पाटलाच्या करगोट्याला दोऱ्याने बांधलेली असे आणि पाटील फाटकाला पोट लावून मला उघडत. दसऱ्याला मला तेल मिळे, हळदकुंकू लागे. माझ्याकडे पाहून बैलसुद्धा पाऊल आवरतात, असे लोक म्हणत. मला ते खरे वाटे.

त्या जानेवारीत विठ्ठलरावांच्या ज्वारीत बयनाबाईची गाय शिरली. बयनाबाई कापूस वेचायला जाई आणि घरोघर दुधाचा रतीब घाली. तिच्याकडे ती एकच गाय होती आणि गायीचे वासरू तान्हे होते. विठ्ठलरावांनी गाय ओढत आणली. पाटील नरसिंगरावांनी मला लावले. संध्याकाळी चावडीवरच्या रेडिओने बातमी दिली की आंध्र प्रदेशातली पाटील-पटवाऱ्यांची पदे सरकारने रद्द केली.

सकाळी बयनाबाई दंडाचे पैसे पदराला बांधून आली.

"पाटील, वासरू घरी हंबरून राह्यलं. काऊन उघडत नाही?"

"पाटील म्हनू नको, बयना. कालपासून मी कोनी नाही."

"मंग चावी काऊन बांधली कमरेला?"

"कोनाला देऊ, ते तरी सांग."

नरसिंगराव घाबरट नव्हते. पण नियमाबाहेर त्यांनी आयुष्यात काही केले नव्हते. अधिकार नसताना सरकारी कुलूप उघडले तर तो गुन्हा, असे त्यांच्या मनाने घेतले. ते मोटारीने मुधोळला गेले. शिक्का दिला, कागद दिले. चावी पुढे केली तेव्हा कारकुनाने हात मागे घेतला. चावीबद्दल आपल्याला काही हुकूम नाही, म्हणाला. नरसिंगराव चावी घेऊन परत आले.

तोवर गायीची कास दगडासारखी झाली होती. ती फाटकाला डोके लावून उभी राही आणि मी तिच्या कपाळावर आपटत राही. माझ्या पोलादी जिभेला एवढेच शिकवले होते की चावी येईपर्यंत हलायचे नाही.

खरे सांगायचे तर तेव्हाही मागची भिंत पावसाने ढासळलेली होती. चार दगड ओलांडले की गाय बाहेर आली असती. पण बयनाबाईच्या सासऱ्याने निजामाच्या काळात आपला बैल भिंतीवरून काढला होता. कोंडवाडा फोडला म्हणून त्याला जेल झाली होती. ते घर हे विसरले नव्हते. तिने भिंतीला हात लावला नाही. ती वासरू उचलून भिंतीवरून स्वतः आत गेली, ते गायीला लावले आणि तिथेच मांडी घालून बसली.

बातमी गावभर झाली. बाया पाणी भरायचे सोडून आल्या.

"अवो बयनाबाई, तुमाले कोनाच्या शेतात धरलं?" प्रयागबाईने विचारले. सगळ्या हसल्या.

"विठ्ठलरावाले इचार. त्याची ज्वारी गोड लागते म्हनते."

नरसिंगराव आले. आत बसलेली बाई पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चावी माझ्या भोकापर्यंत आणली. मग मागे घेतली.

"तूच लाव चावी, बयना. मी पाहत नाही."

"माझ्या हातानं? उद्या मलेच धरतील. मी काय पाटील हाव?"

दोघे फाटकाच्या दोन बाजूंना आणि मधे मी. तेवढ्यात पोट भरलेले वासरू उड्या मारत भिंतीच्या ढासळल्या जागेवरून बाहेर गेले. गायीने मान वर केली आणि त्याच्या मागोमाग तीही गेली. कोणी हाकलले नाही, कोणी अडवले नाही.

"कोंडवाडा फोडला!" विठ्ठलराव ओरडले. "सगळ्याईनं पाह्यलं!"

चावडीवर राबणारा डोमाजी फाटकाजवळ आला. त्याने मला हातात धरून एक हिसका दिला आणि म्हणाला, "काय फोडलं, मालक? कुलूप तर जागच्या जागी हाय."

विठ्ठलरावांनी मुधोळला अर्ज दिला. त्याची चौकशी करायला कोणी आले नाही आणि तो निकालीही निघाला नाही. गावाने मात्र आपल्यापुरता निकाल लावला. कुलूप बंद आहे तोवर गाय आतच आहे आणि बयनाबाईने काही केलेले नाही. तेव्हापासून मला कोणी हात लावला नाही. तेल नाही, हळदकुंकू नाही. भिंतींचे दगड लोकांनी गोठ्यांना नेले, फाटकाला कोणी शिवले नाही. मी कोणाला कोंडत नाही, मित्रांनो, आणि सुटतही नाही. ते वासरू आता म्हातारी गाय झाले आहे. चरून येताना ती खांबाला मान घासते.

सोमवारी आलेल्या साहेबांना तिथे अंगणवाडीची खोली बांधायची आहे. मला तोडा, असे कोणी सुचवले. सरकारी वस्तू तोडली तर जबाब आपल्यालाच द्यावा लागेल, असे साहेब म्हणाले. मग नरसिंगरावांना बोलावले. ते काठी टेकत आले. चावी अजून करगोट्यालाच होती. पाठोपाठ कापसाच्या शेतातून बयनाबाई धावत आली.

"नका उघडू, पाटील. उघडलं का इचारतील, गाय कुठं हाय?"

"मेली न् तुझी गाय केवाच."

"कागदावर जित्ती हाय."

नरसिंगरावांनी चावी मुठीत धरली. "सगळं देऊन बसलो बयना, हेच राह्यलं. मरायच्या आदी मले मोकळं होऊ दे."

त्यांनी फाटकाला पोट लावले, पूर्वी लावत तसे, आणि चावी घातली. मी प्रयत्न केला. चावी अर्धी फिरली आणि गंजात रुतली. पुढे जाईना, मागे येईना, बाहेरही निघेना. साहेबांनी घड्याळ पाहिले आणि तेल घाला, मी पुन्हा येतो, असे सांगून ते मोटारीला गेले.

मित्रांनो, कुलपाला वर्षातून एकदा तेल द्या. आणि ते कशासाठी लावले हे ठाऊक असलेला माणूस जिवंत आहे तोवर ते एकदा उघडून पाहा.

तेल आणायला बयनाबाई घरी गेली आहे. दुपार कलली, ती अजून परतलेली नाही. चावी माझ्यात आहे. तिचा दोरा नरसिंगरावांच्या करगोट्याला आहे. ते फाटकाला टेकून उभे आहेत. दोरा कापा, असे त्यांनी अद्याप कोणाला सांगितलेले नाही.