पोटमाळ्याची जाळी

‘वाचनालयाच्या पोटमाळ्याचे भोक जाळीने बंद केले तेव्हा आत एकही सजीव नव्हता, वटवाघळे स्वेच्छेने निघून गेली होती.’

चौकशीच्या खोलीत कारकुनाने इमारत देखभालीच्या अहवालातले वाक्य वाचले आणि समोर बसलेल्या बाइंडरबाईंनी चष्मा पुसला. बत्तीस वर्षे त्यांनी याच वाचनालयाची पुस्तके बांधली होती. कुठले पान आपोआप निखळले आणि कुठले मुद्दाम फाडले, हे त्यांच्या बोटांना कळे.

स्वेच्छा ती अशी: वटवाघळे दिवेलागणीला किडे टिपायला बाहेर पडली होती, रोजच्यासारखी, परत येण्यासाठी. त्यानंतर पाऊण तासाने जाळी ठोकली गेली. आणि उडता न येणारी पिले बहुधा सजीवांत मोडत नसावीत.

निवृत्तीनंतर दर शनिवारी बाई वाचनालयाच्या अंगणात खुर्च्या मांडून लोकांना वटवाघळे दाखवत, फुकट. येणाऱ्यांना चिंता दोनच: केसांत अडकतात का आणि रक्त पितात का. पालथ्या घड्यावर पाणी. सून म्हणायची, "आई, माणसं जमवायचीत तर पोपट तरी दाखवा. हे उलटं टांगलेलं ध्यान बघायला कोण येणार?" मुलांनी त्यांना वाघूळआजी नाव ठेवले होते. ते मात्र त्यांना मनातून आवडे.

मग एका शनिवारी इमारत देखभालीचे साहेब आले. पहिल्या रांगेत बसून त्यांनी वही उघडली. भोक नेमके कुठले, सगळी बाहेर पडायला किती वेळ लागतो, परततात कधी? इतके नेमके आजवर कुणी विचारले नव्हते. बाई हरखल्या. ज्या शिडीवर कधी कुणाला पाय ठेवू दिला नव्हता, तिच्यावर त्यांनी साहेबांना चढवले. तुळईच्या फटीत बिलगलेली, अंगठ्याएवढी पिले दाखवली. तीन आठवड्यांत उडतील, म्हणाल्या. घरी येऊन सुनेला ऐकवलेही, "आज एक तरी शहाणा माणूस भेटला बाई."

त्या शनिवारनंतर चौथ्या सकाळी ऊन वर आले तरी आया जाळीला बाहेरून लटकलेल्या होत्या. आत बारीक चिरचिर चालू होती. पोटमाळ्याची किल्ली आता साहेबांकडे. बाईंनी दिवसभर फोन केले. साहेब बैठकीत होते. किल्ली त्यानंतर तिसऱ्या दिवशी आली. तोवर चिरचिर थांबली होती.

"बाई, चार पाखरांसाठी एवढं मनाला लावून घेऊ नये," चौकशीचे अध्यक्ष समजुतीने म्हणाले.

"पाखरं नव्हेत. पिलांना दूध पाजतात ती," बाई म्हणाल्या. शनिवारच्या वर्गातलाच आवाज. "मी काय शिकवलं होतं, ते साहेबांनाच विचारा. त्यांनी लिहून घेतलंय."

अध्यक्षांनी विचारले. साहेबांनी वहीकडे पाहिले, मग खिडकीकडे. ते जे बोलले ते कारकुनाने शब्दशः उतरवून घेतले:

"बाईंनी सगळं नीट सांगितलं होतं. पिलं आत आहेत, हे मला माहीत होतं. पण ती उडेपर्यंत थांबलो असतो, तर नव्या छताचं उद्घाटन पुढे गेलं असतं."