चौदा आवर्तनं

नव्या अल्बममधल्या तिसऱ्या रचनेत तिने आठच्या जागी चौदा आवर्तनं वाजवली होती, आणि सगळे तिचं कौतुक करत होते.

त्यांच्या पोस्ट-मेटल बँडमध्ये गाणारं कुणी नव्हतं. गिटारवर मास्तर, जे एरवी शाळेत गणित शिकवायचे, ड्रम्सवर तिचा धाकटा दीर, बेस गिटारवर ती. एकेक रचना दहा-बारा मिनिटांची, सुरुवातीला अगदी संथ, मग चढत चढत छातीवर धोंडा ठेवल्यासारखी जड. "शब्द नाहीत, म्हणून तर आपण आठ वर्षं टिकलो," असं मास्तर म्हणायचे. तिसऱ्या रचनेच्या मध्यावर बेस एकटाच उरतो. चार सुरांचा एकच तुकडा आठ वेळा, मग ती पायाखालचं पेडल दाबते, बेसचा आवाज फाटतो आणि त्या खुणेवर बाकीचे दोघे तुटून पडतात. तिने पेडल दाबल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हे ठरलेलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिने पेडल दाबलंच नाही. नऊ, दहा, अकरा. दीर काड्या उचलून ताटकळलेला. चौदाव्याला तिचा पाय टेकला आणि स्टुडिओच्या भिंती हलल्या.

"काय रोखून धरलंस गं वहिनी," दीर आज पुन्हा म्हणाला. "काड्या उचलून माझे हात भरून आले होते."

"माझ्या वर्गात असतीस तर नापास केलं असतं," मास्तर म्हणाले. "इथे मात्र पैकीच्या पैकी."

अल्बम संध्याकाळी पाठवायचा होता. ती म्हणाली, "मला तो भाग परत वाजवायचाय. आठच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी "बरं" म्हणून रेकॉर्डिंग लावलं आणि गिटार उचलली. वाजवून झालं. बरोबर आठ. चूक काढायला जागा नव्हती, आणि ऐकण्यासारखंही काही नव्हतं. फोटोसाठी ताठ बसवलेल्या माणसासारखं.

"वहिनी, त्या दिवशी काय झालं होतं?"

तिने बेस भिंतीला टेकवला.

रेकॉर्डिंगच्या आधीच्या आठवड्यात तिच्या लेकीला, चिमीला, तापात आकडी आली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या मुलांना होतं असं, घाबरू नका. सांगायला त्यांचं काय जातंय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती. पाळण्यावर कॅमेरा बसवला. रेकॉर्डिंगच्या वेळी फोन समोरच्या स्टँडवर उभा होता. त्यात चिमी पालथी झोपलेली, सासूबाई दिसत नव्हत्या. सातव्या आवर्तनाला तिला वाटलं, पांघरूण हलत नाहीये.

हे सगळं तिने जमिनीकडे बघत सांगितलं. "चौदाव्याला चिमीने कूस बदलली. मग मी पेडल दाबलं."

दिराचा चेहरा उतरला. "म्हणजे पोरीचा श्वास थांबलाय असं तुला वाटलं, आणि तू वाजवत राहिलीस? चांगलं मिनिट-सव्वा मिनिट? मला हाक मारायचीस. आईला फोन करायचास."

"माहितीये."

"मग का नाही केलास?"

हेच ती तीन आठवडे स्वतःला विचारत होती. तो भाग लागला की काहीतरी निमित्त काढून बाहेर जात होती. ऐकणाऱ्यांना त्यात संयम ऐकू यायचा. तिला ऐकू यायची हातातलं वाद्य खाली न ठेवणारी आई.

"हात थांबले तर ते खरं होईल असं वाटलं, भाऊजी. वाजतंय तोवर काही झालेलं नाही. तुम्हाला पटायचं नाही."

मास्तरांनी खुर्ची ओढली. "दोन्ही तुकडे आहेत आपल्याकडे. कुठला पाठवायचा ते तू सांग. का, ते मी विचारणार नाही."



"चौदाचाच जाऊ दे. आठचा खोटा आहे. पण कार्यक्रमात आठच. दर वेळी मी परत तिथे जाऊन उभी राहणार नाही."

"आठच," मास्तर म्हणाले.

दिराने घरी फोन लावला. "आई, चिमी काय करतेय?"

सासूबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "काय करणार, माझा चष्मा चावतेय. तुझ्या वहिनीचे सकाळपासून चार फोन झाले, हा पाचवा. कामं नाहीत का रे तुम्हाला?"

दीर हसला. तीही हसली. मग तिने हात पुढे केला.

"व्हिडिओ लावायला सांगा त्यांना," ती म्हणाली. "एकदा बघते."