तीन वाजून एक्केचाळीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे आणि माझा स्वभाव भारी काळजीखोर आहे. बाकीची घड्याळे बंद पडायला घाबरतात. मी चालू राहायला घाबरते. आधी माझी हकिकत ऐका, मग हवे तर हसा.

माझा जन्म उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात झाला. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पितळेचा लंबक, चेहऱ्यावर सुबक आकडे. एखाद्या डॉक्टरच्या दिवाणखान्यात आपण शोभून दिसू, असे मला वाटत होते. पण १८९८ च्या उन्हाळ्यात मला गवतात गुंडाळून आगबोटीत घातले आणि थेट उत्तरेकडे युकॉन नदीच्या काठी, हॅलोरन लँडिंगला उतरवले. त्याला तेव्हा गाव म्हणणे धाडसाचेच होते. गुडघाभर चिखल, तंबूंच्या रांगा आणि दाढ्या वाढलेले पुरुष. वरच्या ओढ्यात सोने सापडले होते आणि अर्धे जग फावडे घेऊन तिकडे धावत सुटले होते.

सोने वितळवणाऱ्या कचेरीच्या भिंतीवर मला चार लांब स्क्रूंनी पक्के ठोकले. माणसे तासन् तास रांगेत उभी राहत आणि रांग पुढे सरकत नाही हा जणू माझाच दोष, अशी माझ्याकडे बघत. कचेरी बंद झाली की झाडूवाला जमिनीवरची धूळ गोळा करून नेई आणि सोन्याचे कण मिळतात का, ते घरी तव्यात धुऊन बघे. पण माझे कौतुकही होई. "या गावात खरं बोलणारं हे एवढं एकच आहे," असे एक म्हातारा खाणवाला रोज म्हणे. ते ऐकून मी फुलून जाई. आता आठवले की लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी बातमी आली, की दुसऱ्या नदीवर याहून जास्त सोने निघाले आहे. आठवडाभरात गाव ओस पडले. लोकांनी दारे नेली, खिडक्या नेल्या, चुलीसुद्धा नेल्या. माझे स्क्रू गंजले होते, म्हणून मी राहिले. मागे राहिले ते सोने सापडण्याआधीपासून या काठावर मासेमारी करणारे इथले मूळ रहिवासी, हान जमातीचे लोक, आणि ज्यांना जायला जागा नव्हती किंवा जायची इच्छा नव्हती अशी काही घरे. माझ्या पेटीत उंदरांनी संसार थाटला. कितीतरी हिवाळे मी मुकी राहिले. मित्रांनो, कुणी वेळ न विचारणे हे घड्याळाला फार लागते.

मग पोस्ट सांभाळणारी विनी आली. तिने तेल सोडून माझे स्क्रू सोडवले, उंदरांना हुसकावले आणि मला नदीसमोरच्या पोस्टात टांगले. तिथे मला नवे काम मिळाले. या गावात नदी ऑक्टोबरात गोठते ती मे महिन्यापर्यंत. बर्फ नेमका कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला फुटणार, याचा अंदाज गावातला प्रत्येक जण चिठ्ठीवर लिहून देतो. नदीच्या मधोमध, बर्फावर तीन खांबांचे तिकाटणे उभे करतात. त्याला बांधलेली तार काठावरून भिंतीच्या भोकातून माझ्या पेटीत येते आणि एका पिनेला अडकवलेली असते. बर्फ सरकला की तार ओढली जाते, पीन निघते, मी थांबते आणि छपरावरचा भोंगा वाजतो. ज्याची चिठ्ठी माझ्या वेळेशी जुळेल, त्याला त्या वर्षीच्या पहिल्या तराफ्यावरून पैलतीरी जायचा मान. एवढ्यासाठी माणसे वर्षभर एकमेकांशी बोलायची थांबलेली मी पाहिली आहेत.

लबाडी होऊ नये म्हणून एक नियम होता. एप्रिलची पहिली तारीख उलटली की तारेला कुणी हात लावायचा नाही. पिनेवर लाल लाखेचे सील. सील करणारा दुकानदार हॉरेस प्रिंगल. तो तीस वर्षे चिठ्ठी लिहीत होता आणि तीस वर्षे हरत होता.

यात एक वाईट गोष्ट घडत गेली आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. हळूहळू लोक नदीकडे बघेनासे झाले. पैलतीरी जायचे असले की पोस्टात डोकावत, माझी टिकटिक ऐकत आणि खुशाल बर्फावर पाय टाकत. घड्याळ चालू आहे, म्हणजे बर्फ पक्का आहे. मला बोलता आले असते, तर मी ओरडून सांगितले असते, की बाबांनो, मला फक्त एक तार कळते.

त्या वर्षी मे महिन्याची तीन तारीख होती. विनीचा नवरा नॉर्बर्ट गावचा तराफा चालवायचा. हिवाळ्यात तराफा पैलतीरावर ओढून ठेवत. पाणी मोकळे होण्याआधी त्याच्या फटी बुजवायच्या, म्हणून तो रोज चालत पलीकडे जाई. त्या सकाळी त्याने दारातून कान दिला.

"वाजतंय ना? मग झालं. चारच्या आत येतो. हरणाचं मटण सगळं संपवू नकोस."

"संपवणार. तुझी वाट बघत पोट मारू की काय," विनी म्हणाली.

तो गेला आणि मी तारेकडे लक्ष लावले. एरवी वसंतात त्या तारेतून नदी मला कळायची. बारीक थरथर, कण्हल्यासारखी. चार दिवस झाले, तारेत काहीच नव्हते. नदी गप्प होती, की तारच मेली होती? मी टिकटिक करत होते आणि प्रत्येक टिकटिकीला मला चोरी केल्यासारखे वाटत होते.

दुपारी मेबलमावशी पत्र टाकायला आली. तिचे सगळे आयुष्य नदीवर जाळी टाकण्यात गेलेले. ती खिडकीशीच उभी राहिली.

"विनी, कालपर्यंत तिकाटणं त्या पांढऱ्या खडकासमोर होतं. आज बघ."

विनीने पाहिले. तिकाटणे खडकाच्या डावीकडे हातभर सरकले होते. काठाजवळ बर्फावर काळे पाणी चढले होते.

हॉरेस तिथेच बसून चिठ्ठ्या लावत होता. मान वर न करता म्हणाला, "सरकलं असतं तर घड्याळ थांबलं असतं."

"डोळे फुटलेत का तुझे?" मेबलमावशी म्हणाली. "बाहेर बघ की जरा."

"मावशी, डोळ्यांवर गेलो तर दरवर्षी भांडणं होतील. म्हणून तर घड्याळ लावलंय."

विनीने माझी पेटी उघडली आणि पिनेजवळ तारेवर बोट टेकवले.

"हॉरेस, तार मुकी आहे. कुठेतरी अडकलीय."

"हात काढ, विनी. सील तुटलं तर सगळ्या गावाचे अंदाज बाद. तुझ्या नवऱ्याचीही चिठ्ठी आहे यात. लोक काय म्हणतील?"

विनीने हात काढला. मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. सगळे गाव ज्या नियमावर उभे आहे, तो एकटीने मोडणे सोपे नसते. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. साडेतीन झाले. तीन पस्तीस. मी आयुष्यात कधी एवढी भराभर चालले नव्हते, किंवा मला तरी तसे वाटले. पलीकडच्या काठावर एक ठिपका उतरला. नॉर्बर्ट. तो क्षणभर थांबला. भोंगा ऐकू येतो का, ते बघत असणार. भोंगा नव्हता. त्याने बर्फावर पाऊल टाकले.

मी थांबायचा प्रयत्न केला. खरेच केला. लंबक जड करून पाहिला. पण घड्याळाला स्वतःहून थांबता येत नाही.

विनी खिडकीपासून वळली. तिने माझ्या पेटीत हात घातला, लाखेचे सील नखाने उडवले आणि पीन उपसली.

मी थांबले. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटे. छपरावर भोंगा सुरू झाला.

बर्फावरचा ठिपका जागीच थबकला, मागे वळला आणि धावत सुटला. एकदा पडला. पुन्हा उठला. काठावर चढून तो खाली बसला, तेव्हा विनीने माझी पेटी घट्ट धरून ठेवली होती. थोड्या वेळाने नदी गरजली आणि घराएवढे तुकडे उलटेपालटे होत वाहू लागले. तिकाटणे त्यांत कुठे गेले, ते कळलेही नाही. नंतर काठावरच्या विलोच्या झुडपात, गोठलेल्या बर्फाच्या गोळ्यात तार सापडली. चार दिवस ती तिथेच अडकून होती.

हॉरेसने बर्फ फुटल्याची वेळ खिशातल्या घड्याळात पाहिली होती. तीन बावन्न. त्याने चिठ्ठ्यांमधून एक चिठ्ठी काढली, वाचली आणि बराच वेळ हातात धरून बसला.

"कुणाची आहे?" मेबलमावशीने विचारले.

"माझी." त्याने ती चिठ्ठी चुलीत टाकली. "विनी, वहीत लिही, यंदा कुणीच जिंकलं नाही. आणि मटण उरलं असेल तर मलाही वाढ. तो पलीकडे अडकलाय, त्याचा वाटा मी खातो."

नॉर्बर्ट बारा दिवस पैलतीरावर अडकला आणि तराफ्यातल्या सुक्या माशांवर राहिला. त्या वर्षी पहिल्या तराफ्यावर मान कुणाचाच नव्हता. तरी विनी चढली, आणि तिला कुणी अडवले नाही.

आता माझ्या जागी राजधानीतून आणलेले नवे यंत्र आहे. मी गावच्या संग्रहालयात असते. मला रोज किल्ली देतात, काच पुसतात. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून म्हणतात, "किती वर्षांचं, तरी कसं छान चालू आहे." त्यांचे चेहरे निवांत होतात, आणि ते निवांत झालेले चेहरे बघून मला पुन्हा तीच धास्ती वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सगळेच सांगतात. मला जपले नाहीत तरी चालेल. तेल विसरलात तरी मी रागावणार नाही. फक्त एक करा. माझी टिकटिक ऐकून निर्धास्त होऊ नका. दार उघडा, चार पावले चालत जा आणि नदी बघून या.